रिकाम्या पिकअपसाठी हिवाळी वजन: वाळूची पोती, पाण्याची पखाल आणि लोखंडी पत्रा

पिकअप ही गाडी ओझे वाहण्यासाठीच घडवलेली असते, आणि बर्फाळ रस्त्यावर तिची पंचाईत होते ती नेमकी ओझे नसताना. इंजिन, गिअरबॉक्स आणि केबिन हे सगळे जड भाग पुढे आणि मागे नुसता पत्र्याचा हौदा, अशी तिची बांधणी असल्यामुळे रिकाम्या गाडीच्या एकूण वजनापैकी साधारण 55 ते 60 टक्के वजन पुढच्या चाकांवर पडते. ज्या पिकअपचे इंजिन फक्त मागची चाके फिरवते, तिच्या बाबतीत गाडी ढकलण्याचे काम ज्या चाकांकडे असते तीच सर्वांत हलकी असतात. शिवाय भरपूर माल पेलता यावा म्हणून मागच्या स्प्रिंगचे पाटे इतके कडक ठेवलेले असतात की रिकामी गाडी खाचखळग्यांवरून जाताना तिचा मागचा भाग टणाटण उड्या मारतो, आणि चाक जेवढा वेळ हवेत असते तेवढा वेळ पकडीचा प्रश्नच उरत नाही. यावर बर्फाच्या प्रदेशांत फार जुना उपाय आहे: हिवाळा लागला की हौद्यात वजन टाकायचे आणि बर्फ गेला की ते उतरवायचे.

हे वजन आता तयार वस्तू म्हणूनही विकत मिळते. मी ते तीन प्रकारांत वापरले आहे: वाळूची लांबट पोती, पाणी भरून हौद्यात पसरायची रबरी पखाल, आणि हौद्याच्या तळाला बोल्टने आवळायचा जाड लोखंडी पत्रा. गाडी तिन्ही वेळा तीच होती. मागच्या चाकांवर चालणारी, रिकामी असताना सुमारे 2100 किलोची, साध्या डिफरन्शियलची (इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा भाग), आणि चारही चाकांना हिवाळी टायर असलेली. निर्णय आधीच सांगून टाकतो. वाळूची पोती बहुतेकांनी घ्यावीत, पखाल एखाद्या ठरावीक अडचणीसाठीच घ्यावी, पत्रा ज्याच्याकडे आधीच पडून आहे त्यानेच बसवावा, आणि यांपैकी कशावरही पैसे खर्च करण्याआधी टायर बघावेत. हा क्रम का, ते पुढे येईलच.

आधी वजनाने नेमके काय साधते, ते पाहू. चाक रस्त्यावर जितक्या भाराने दाबले जाते, त्याच्या ठरावीक हिश्श्याइतकीच त्याची पकड असते. हा हिस्सा, म्हणजे घर्षणांक, कोरड्या डांबरावर 0.7 ते 0.8 च्या आसपास असतो, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो 0.2 ते 0.3 वर येतो, आणि चकचकीत गोठलेल्या थरावर 0.1 किंवा त्याहूनही खाली जातो. त्यातही शून्य अंशाच्या जवळपासचा, वरून पाझरलेला ओला थर सर्वांत निसरडा असतो. कडाक्याच्या थंडीतला सुका बर्फ त्या मानाने बरा. मागच्या चाकांवर चालणारी गाडी जास्तीत जास्त किती चढ चढू शकेल, याचा ढोबळ हिशेब करायचा तर घर्षणांकाला मागच्या चाकांवरच्या वजनाच्या हिश्श्याने गुणायचे. माझ्या गाडीचा मागचा हिस्सा रिकामी असताना 42 टक्के धरला, तर 0.2 घर्षणांकाच्या बर्फावर ती 8.4 टक्क्यांचा चढ चढेल. म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 8.4 मीटर वर. मागच्या अॅक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाके जोडणाऱ्या आसाच्या, बरोबर वर 160 किलो वजन ठेवले, तर मागचा हिस्सा 46 टक्क्यांवर जातो आणि चढाची मर्यादा 9.2 टक्क्यांवर. 270 किलो ठेवले तर 9.7. आता वजन अजिबात न वाढवता केवळ टायर बदलून घर्षणांक 0.2 वरून 0.3 वर गेला असे समजा. तीच रिकामी गाडी 12.6 टक्क्यांचा चढ चढेल.

हे आकडे पाहून वजनाचा नाद सोडून द्यावा असे कोणालाही वाटेल, आणि टायर जुने असतील तर ते खरेही आहे. पण ज्याने टायर बसवले आहेत त्याच्यासाठी ही उरलेली वाढ किरकोळ नाही, कारण हिवाळ्यात अडचण बहुधा मर्यादेच्या अगदी काठावरच येते. चौकात सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या चाकांनी घोटून गुळगुळीत केलेला पट्टा, घरापुढच्या उताराचा शेवटचा हात-दोन हातांचा भाग, फाट्यावर वळता वळता घ्यावा लागणारा वेग, अशा ठिकाणी गाडी निघते किंवा निघत नाही, मधले काही नसते. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, त्यामुळे जे चाक जास्त निसरड्या जागी आहे त्याच्या पकडीवरच सगळे अवलंबून राहते. त्या एका चाकावर वाढलेले 80 किलो म्हणूनच कामाला येतात. शिवाय मागचे पाटे थोडे दबले की उड्या कमी होतात, आणि हा फरक बर्फ नसलेल्या खडबडीत रस्त्यावरही पहिल्या फेरीतच जाणवतो. मला विचाराल तर वजन टाकल्यावरचा सर्वांत सुखद बदल हाच आहे, जरी विकणारे त्याची जाहिरात फारशी करत नाहीत.

आता वाळूकडे वळू. हिवाळी वजन म्हणून विकली जाणारी पोती नेहमीच्या चौकोनी पोत्यांपेक्षा वेगळी, बैठकीतल्या लोडासारखी लांब आणि गोल असतात, आणि प्रत्येकात बहुधा 27 किलो वाळू असते. हा आकार आणि हे वजन दोन्ही विचारपूर्वक ठरवलेले वाटतात. एका माणसाला कंबर न मोडता ते खांद्यावर घेता येते, हौद्यात ते आडवे टाकले की घरंगळत नाही, आणि सहा पोत्यांत 162 किलो भरतात, जे माझ्या आकाराच्या गाडीला पुरेसे आहेत. सुकी वाळू घनमीटरला सुमारे 1600 किलो भरते, त्यामुळे एवढ्या वजनाला हौद्याचा फारच थोडा भाग जातो आणि उरलेला रोजच्या कामाला मोकळा राहतो. वाळू निवडावी ती जाडसर. बारीक वाळू पोत्याच्या विणीतून झिरपते आणि पुढे सांगितलेल्या दुसऱ्या उपयोगाला ती तितकीशी चालत नाही.

पोत्यांचे कापड ही या वस्तूची कमजोर बाजू आहे. विणलेल्या प्लास्टिकचे हे कापड उन्हाने ठिसूळ होते. एखादा हिवाळा ते धड काढते, पण त्यानंतर तोंडाशी शिवलेल्या दोऱ्याजवळ बोटाने दाबले तरी धागे सुटू लागतात. आत प्लास्टिकचे अस्तर नसेल तर वितळलेल्या बर्फाचे पाणी वाळूत मुरते, रात्री ते गोठते आणि सकाळी पोते दगड होऊन बसते. दगड झालेले पोते वजन म्हणून काही कमी पडत नाही, पण ते हौद्याच्या पत्र्याला चिकटून बसते, उचलताना कापड फाटते, आणि अडकलेल्या चाकाखाली टाकण्यासाठी आतली वाळू मिळत नाही. मी प्रत्येक पोते जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड खाली दुमडून ठेवतो. हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी निघून जाण्यासाठी जी छिद्रे असतात, ती सांडलेल्या वाळूने बुजली आहेत का हेही अधूनमधून पाहावे लागते, नाहीतर तुंबलेल्या पाण्यामुळे पत्र्याला गंज धरायला वेळ लागत नाही.

वाळूचा जो फायदा बाकी दोन प्रकारांना नाही, तो म्हणजे गरज पडली तर हे वजन रस्त्यावर ओतता येते. गाडी जागच्या जागी चाके फिरवू लागली की सुकी, जाडसर वाळू मागच्या दोन्ही चाकांच्या पुढ्यात, चाकाचा अर्धा फेरा होईल एवढ्या लांबीवर पसरावी, चाकाच्या मागेही थोडी टाकावी, आणि अॅक्सिलरेटर अगदी हलका ठेवून गाडी सोडवावी. चाके आधीच जोरात फिरवून खालचा बर्फ घोटून टाकला असेल, तर आधी फावड्याने तो चकचकीत थर खरवडावा लागतो. त्यावर टाकलेली वाळू चाक मागे भिरकावून देते. यासाठीची वाळू हौद्यातल्या पोत्यांवर सोडू नये, कारण नेमक्या त्या दिवशी ती गोठलेली असण्याची शक्यता अधिक असते. झाकणाच्या डब्यात चार-पाच किलो सुकी वाळू केबिनमध्ये आसनामागे पायाशी घट्ट बसेल अशी ठेवणे उत्तम.

वजन कुठे ठेवायचे यावर मतभेद ऐकू येतात, पण हिशेब सरळ आहे. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये 3.6 मीटर अंतर असलेल्या गाडीत 160 किलो वजन मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर ठेवले, तर ते सगळे मागच्या चाकांवर पडते आणि पुढची चाके होती तशीच राहतात. तेच वजन एक मीटर मागे, फाळक्याजवळ ठेवले, तर मागच्या चाकांवर 204 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 44 किलो कमी होतात. म्हणजे फाळक्याजवळ वजन टाकणाऱ्याची गाडी खरोखरच अधिक चांगली निघते, आणि त्यामुळेच त्याला आपण युक्ती साधली असे वाटते; पण वळणावर गाडी ज्या चाकांनी वळायची त्यांचीच पकड त्याने कमी केलेली असते. शिवाय वजन अॅक्सलच्या जितके मागे, तितका मागचा भाग एकदा बाजूला फेकला गेला की आवरायला अवघड. पोती म्हणून चाकांवरच्या दोन उंचवट्यांच्या मध्ये, अॅक्सलच्या वर किंवा थोडी पुढे असावीत. मागे कधीही नसावीत.

ती तिथेच राहावीत याची तजवीज करणे हा कंटाळवाणा, पण टाळता न येणारा भाग आहे. पुष्कळ हौद्यांच्या बाजूच्या पत्र्यात चाकाच्या उंचवट्याच्या पुढे आणि मागे उभ्या खाचा असतात. त्यांत जाड फळी आडवी बसवली की मध्ये एक कप्पा तयार होतो आणि पोती त्यात घट्ट बसतात. खाचा नसतील तर चार फळ्यांची चौकट ठोकून ती उंचवट्यांना अडेल अशी टेकवावी. त्यावरून रॅचेटचे दोन पट्टे हौद्याच्या कड्यांना आवळावेत. रॅचेट आवळताना पट्टा पोत्यात किंचित रुतेपर्यंत ताण द्यायचा, आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर उतरून पुन्हा एकदा आवळायचा, कारण हादऱ्यांनी वाळू बसते आणि पट्टा सैल पडतो. ही मेहनत कशासाठी, ते एका आकड्यावरून कळेल. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर न बांधलेल्या पोत्यात तेवढीच ऊर्जा असते जेवढी ते जवळपास 10 मीटर उंचीवरून सोडल्यावर जमिनीवर पोचताना त्याच्यात असेल. त्याच्या आणि चालकाच्या पाठीच्या मध्ये केबिनचा मागचा पत्रा आणि काच, एवढेच असते.

पखालीची कल्पना मला कागदावर फार आवडली होती. रिकामी असताना ती घडी करून कोपऱ्यात ठेवता येते, हौद्यात चाकांच्या उंचवट्यांमध्ये पसरून नळीने पाणी भरले की लिटरला एक किलो या हिशेबाने वजन तयार, आणि हिवाळा संपला की तोटी उघडून सोडून द्यायचे. उचलाउचल शून्य. ज्यांच्या कंबरेला किंवा गुडघ्यांना 27 किलोची पोती झेपत नाहीत, त्यांच्यासाठी हा एकच मुद्दा बाकी सगळ्या तक्रारींवर भारी पडेल, आणि तो मी हलका लेखत नाही. हौद्याच्या तळाशी ती सपाट बसते, वजन खाली राहते आणि तळभर सारखे पसरते.

अडचणी वापरताना कळतात. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, म्हणून पखाल गच्च भरायची नसते. वर मोकळी जागा ठेवावी लागते. पण मोकळी जागा ठेवली की गोठेपर्यंत आतले पाणी हिंदकळते. माझ्या पखालीत आतून आडवे पडदे होते, तरीही ब्रेक लावल्यावर गाडी थांबून क्षणभराने पाठीमागून एक हलका धक्का बसे, आणि वळणावर तोच धक्का बाजूने येई. गोठल्यावर हे थांबते, मात्र मग दुसरा पेच सुरू होतो. भर थंडीत एखादे दिवशी हौदा पूर्ण रिकामा हवा असेल, तर गोठलेली पखाल ना उचलता येते ना रिकामी करता येते. दीडशे किलोची ती लादी वितळायला ऊबदार गॅरेज किंवा ऋतू बदलण्याची वाट, यांपैकी एक लागते. भरण्याच्या वेळेचेही तसेच आहे: वजन लागते तेव्हा घराबाहेरचा नळ गोठू नये म्हणून बहुतेक लोकांनी बंद केलेला असतो, त्यामुळे बर्फ पडायच्या आधीच ती भरून ठेवावी लागते. गोठू नये म्हणून त्यात रेडिएटरचे द्रव ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि त्याच्या गोडसर चवीमुळे कुत्रीमांजरी ते चाटतात. मिठाचे पाणी उशिरा गोठते खरे, पण ते झिरपले तर पत्रा खाते.

आणि पखाल झिरपते. माझी तोटीच्या सांध्याशी झिरपू लागली, धार नव्हे, नुसता ओलावा. पण तो ओलावा रात्री हौद्यात पातळ बर्फ होऊन पसरे आणि त्यावर ठेवलेले दुसरे सामान इकडून तिकडे घसरत राही. बनवणाऱ्यांनी ठिगळाचे साहित्य सोबत दिलेले असते, फक्त ते लावायला पृष्ठभाग कोरडा आणि ऊबदार लागतो, जो भर हिवाळ्यात हौद्यात मिळत नाही. वस्तू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्याचा हौदा हिवाळाभर मोकळाच असतो, ज्याला जड उचलता येत नाही, आणि ज्याच्याकडे उन्हाळ्यात पोती ठेवायला जागा नाही, त्याने ती घ्यावी. बाकीच्यांना तिच्यात वाळूपेक्षा जास्त काही मिळत नाही.

लोखंडी पत्र्याबद्दल थोडक्यात. 1.2 मीटर लांबी-रुंदीचा आणि 12 मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे 136 किलो भरतो, आणि उंचीत फक्त 12 मिलिमीटर खातो, त्यामुळे हौदा जसाच्या तसा वापरता येतो. पकडीच्या दृष्टीने तो सहा पोत्यांच्या जवळपास आहे. पण त्याच्या आणि हौद्याच्या मध्ये ओल अडकते, म्हणून जाड रबरी चटई घालावी लागते. तो हौद्याच्या मुळच्या बोल्टच्या जागी नीट आवळला नाही तर पोत्यांपेक्षा कितीतरी धोकादायक ठरतो. आणि उचलायला यारी किंवा बरीच माणसे लागत असल्यामुळे एकदा बसवलेला पत्रा उन्हाळ्यातही तसाच राहतो आणि वर्षभर विनाकारण इंधन खातो.

वजन म्हणून लोक आणखी काय काय टाकतात याला मर्यादा नाही. मिठाची पोती स्वस्त आणि रस्त्यावर टाकायला उपयोगी वाटतात, पण फुटली की हौद्याची वाट लावतात. फरशा, विटा, काँक्रीटचे ठोकळे टाकू नयेत. वाळूचे पोते आदळले तर निदान पसरते, काँक्रीट तसे करत नाही. काही जण पडलेला बर्फच हौद्यात राहू देतात आणि फुकटचे वजन मिळाले म्हणून खूश असतात. ताजा बर्फ घनमीटरला 50 ते 100 किलो भरतो, म्हणजे हौदाभर बर्फाचे वजन शंभराच्या आसपास जाईलही; पण ते आज इतके आणि उद्या तितके असते, वारा लागला की मागच्या गाडीच्या काचेवर उडते, आणि वितळून पुन्हा गोठले की फाळका उघडत नाही.

आता ज्या मुद्द्यावर या वस्तूंच्या वेष्टनांवर अवाक्षर नसते, त्याकडे येतो. वजनाने गाडी निघते, थांबत नाही. ब्रेक चारही चाकांवर लागतो, त्यामुळे वजन वाढले की एकूण पकड वाढते, पण थांबवायची वस्तूही त्याच प्रमाणात जड होते, आणि दोन्ही वाढी एकमेकींना खाऊन टाकतात. प्रत्यक्षात हिशेब किंचित तोट्याचाच असतो, कारण टायरवरचा भार वाढला की त्याचा घर्षणांक थोडा घटतो. रिकामी पिकअप ब्रेक मारताना मागून हलकी पडते आणि मागचा भाग फिरण्याची भीती असते, ती अॅक्सलवरच्या वजनाने कमी होते हे मान्य. पण थांबण्याचे अंतर त्यामुळे घटते असे समजणे घातक आहे. धोका खरा मनात असतो. चौकातून सफाईने निघालेल्या चालकाला रस्ता बरा आहे असे वाटू लागते, तो वेग वाढवतो, आणि पुढच्या चौकात त्याला कळते की निघतानाची पकड आणि थांबतानाची पकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वजन टाकल्यावरही पुढच्या गाडीपासूनचे अंतर वजन नसतानाइतकेच, म्हणजे भरपूर ठेवावे. वळणावर अॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढू नये हेही लागू राहते, कारण मागच्या चाकांवरच्या गाडीत इंजिनाचा अटकाव मागच्याच चाकांना ओढतो.

किती टाकावे, याची वरची मर्यादा चालकाच्या दारापाशी चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेली असते: माणसे आणि सामान मिळून कमाल किती किलो. मागच्या अॅक्सलची वेगळी मर्यादाही तिथे किंवा शेजारच्या पट्टीवर मिळते. हिवाळी वजन या आकड्यातूनच वजा होते, हे हौद्यात 160 किलो घेऊन चार माणसे आणि बांधकामाचे सामान भरणाऱ्याने विसरू नये. शंका असेल तर वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके असे दोनदा वजन करून घ्यावे. वरच्या हिशेबातला 42 टक्के हा आकडा ज्याला आपल्या गाडीसाठी पडताळून पाहायचा असेल, त्यालाही हाच मार्ग आहे. मोठ्या पिकअपला मागे 150 ते 200 किलो पुरेसे होतात, लहान पिकअपला 100 च्या आसपास. त्यापुढे जाऊन मिळणारी पकड थोडी असते आणि इंधन, टायर व पाटे यांची झीज चालूच राहते. इंधनाबाबत अमेरिकी सरकारचा ढोबळ आकडा असा आहे की दर 45 किलो जादा वजनामागे साधारण 1 टक्का खप वाढतो, आणि मुळात जड असलेल्या गाडीत हा परिणाम कमी असतो.

वजन टाकल्यावर दोन गोष्टी लगेच तपासायच्या. पहिली टायरची हवा: तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे 1 पीएसआय कमी होतो, म्हणजे शरद ऋतूत बरोबर असलेली हवा कडाक्याच्या थंडीत बरीच कमी भरते, आणि त्यावर जादा ओझे आले तर टायरच्या कडा झिजू लागतात. पकड वाढावी म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवणे खोल बर्फात हळू चालवताना ठीक असेल, सडकेवर नाही. दुसरी गोष्ट हेडलाइट. मागचा भाग थोडा जरी खाली बसला तरी प्रकाशाचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो; घराच्या भिंतीवर वजनाआधी आणि वजनानंतर झोताची रेघ कुठे पडते ते पाहून तो खाली घ्यावा.

ज्यांनी हे काही घेऊ नये, अशीही मंडळी आहेत. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत चारही चाके जोर लावत असल्यामुळे गाडीचे सगळेच वजन कामाला येते आणि जादा वजनाचा निघण्यापुरता फायदा जवळजवळ उरत नाही. मागच्या उड्या आणि मागचा भाग फिरणे कमी करायचे असेल तरच दोन-तीन पोती टाकावीत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान पिकअप, उदाहरणार्थ फोर्ड मॅव्हरिकची पुढच्या चाकांवर चालणारी हायब्रिड, यांत मागे वजन टाकल्याने निघण्याची पकड वाढत नाही. अॅक्सलच्या मागे ठेवले तर उलट घटते. 2012 च्या मॉडेलपासून अमेरिकेत हलक्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण, म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. त्याआधीच्या, मागच्या चाकांवरच्या जुन्या पिकअपमध्ये वजनाचा उपयोग सर्वांत जास्त जाणवेल, कारण तिथे मागचा भाग फिरू लागला तर सावरायला चालकाच्या हातांखेरीज दुसरे कोणी नसते. आणि ज्याच्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह नाही, त्याने पोत्यांचे पैसे टायरसाठी बाजूला ठेवावेत. उन्हाळी टायरचे रबर सुमारे 7 अंशांखाली ताठरू लागते, आणि ताठरलेल्या रबरावर कितीही पोती ठेवली तरी ते मऊ होत नाही.

वाळू घेणाऱ्याने बर्फाचा मोसम संपताच ती उतरवून टाकावी, पोती फळीवर, जमिनीपासून उचलून आणि सावलीत ठेवावीत, आणि ज्यांचे दोरे सुटू लागले आहेत त्यांतली वाळू पुढच्या हिवाळ्याआधी नव्या पोत्यांत भरून घ्यावी. हौदा रिकामा झालेलाच असतो तेव्हा तळाची छिद्रे मोकळी करून तो एकदा पाण्याने धुवावा, आणि खाली घेतलेला हेडलाइटचा झोत पुन्हा मूळ जागी आणावा.